स्कीवर पहिला ३६०: सपाट बर्फापासून किकरपर्यंत

भोवरा जाळीतून सुटला की त्याला आणखी गरका देता येत नाही. स्कीवरच्या स्पिनचंही, म्हणजे उडी मारून हवेत घेतलेल्या गिरकीचंही, तसंच; ३६० म्हणजे अशी एक पूर्ण फेरी. किती फिरणार, सरळ फिरणार की तिरकं, उतरताना तोल कुठे असणार, हे सगळं किकरच्या, म्हणजे उडीसाठी बांधलेल्या बर्फाच्या चढाच्या, कडेवर पाय टेकलेले असतानाच ठरून जातं. हवेत गेल्यावर हात जवळ घेतले तर फिरण्याचा वेग वाढतो, पसरले तर कमी होतो. पण मुळात घेतलाच नाही तो पीळ हवेत मिळत नाही. नवखा पडतो हवेतून, चूक मात्र खाली बर्फावरच झालेली असते. त्यामुळे इथे उडीपेक्षा उडीच्या आधीचंच जास्त येईल.

आधी काय जमायला हवं

अमेरिकेतल्या निळ्या किंवा युरोपातल्या लाल, म्हणजे मध्यम अवघड, उतारावर स्की समांतर ठेवून आरामात वळता आलं पाहिजे. हॉकी स्टॉप, म्हणजे दोन्ही स्की झटक्यात आडव्या करून थांबणं, डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच जमला पाहिजे. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते आणि पार्कमध्ये, म्हणजे उड्या आणि अडथळ्यांसाठी घडवलेल्या उतारावर, ती हमखास उघडी पडते. उताराच्या कडेच्या छोट्या उंचवट्यांवरून उडून दोन्ही पायांवर एकदम उतरता येत असेल, तर पुढे वाचा. येत नसेल तर आधी तेच करा. त्यालाही पार्क लागत नाही.

सराव कुठे करायचा, हा आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न. गुलमर्गची ख्याती खोल, ताज्या बर्फाची आहे; रोज यंत्राने घडवलेला पार्क तिथे मिळेल असं धरून चालू नका. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना ईस्ट रदरफर्डचं बिग स्नो हे बंदिस्त केंद्र जवळ पडतं. ते २०१९च्या डिसेंबरात सुरू झालं आणि तिथे बारमाही बर्फ असतो. दुबईकरांसाठी २००५पासून स्की दुबई आहे. अशा बंदिस्त जागांचा उतार छोटा असतो, आणि शिकणाऱ्याच्या ते पथ्यावरच पडतं: तोच बॉक्स (वरून सरकायचा प्लास्टिकने मढवलेला अडथळा), तोच वेग, तासाभरात कितीतरी फेऱ्या. मोठे किकर मात्र डोंगरावरच. कोलोरॅडोत कीस्टोन आणि ब्रेकनरिज, कॅलिफोर्नियात मॅमथ इथे लहानापासून राक्षसी आकारापर्यंत सगळं सापडतं. अमेरिकेत पार्कच्या तोंडाशी नारिंगी लंबगोल पाटी असते आणि आकार लिहिलेला असतो. ‘स्मॉल’ पाटीखालीच सुरुवात करा. एका डोंगरावरचं ‘मीडियम’ दुसरीकडे ‘लार्ज’ असू शकतं, म्हणून पहिली फेरी नुसती बघत खाली जायची.

सामान

दोन्ही टोकं वर वळलेली ट्विन-टिप स्की हवीच, नाहीतर उलटं उतरताना शेपूट बर्फात रुतते. हा प्रकार खऱ्या अर्थाने रूढ झाला तो १९९८मध्ये सॉलोमन कंपनीच्या टेन-एटी या स्कीमुळे. स्कीपटू माइक डग्लस आणि त्याच्या कॅनेडियन साथीदारांचा त्यामागे हात होता, आणि नावच मुळी तीन पूर्ण फेऱ्यांचं, १०८० अंशांचं. पुढे सोळा वर्षांनी, २०१४च्या सोची ऑलिंपिकमध्ये, स्कीचा स्लोपस्टाइल, म्हणजे पार्कमधल्या उड्या आणि अडथळ्यांची स्पर्धा, आला. तुम्हाला त्या तीन फेऱ्यांपैकी एकच हवी आहे.

स्कीची लांबी नाकापासून डोक्याच्या टाळूपर्यंत कुठेही चालते. शिकताना हनुवटीइतकी आखूड घेऊ नका, उतरताना मागेपुढे आधार उरत नाही. बुटाखालची रुंदी ८५ ते ९५ मिमी. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, स्कीच्या खऱ्या मध्यापासून ० ते ४ सेंमी मागे बसवलेलं असावं. नेहमीच्या स्कीवर ते बरंच मागे असतं, त्यामुळे फिरताना पुढची बाजू जड लागते. बाइंडिंग कितीला सुटावं हा आकडा तंत्रज्ञ वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य पाहून काढतो. ‘पार्कमध्ये स्की निघू नये’ म्हणून तो स्वतःच्या मनाने वाढवणारे बरेच भेटतात. पडताना न सुटलेली स्की गुडघा पिळते.

हेल्मेटवर ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ२०४० यांपैकी एक मानक लिहिलेलं असावं. पाठीचं संरक्षक कवच घ्या. काठ्या नेहमीपेक्षा आखूड, आणि त्यांचे पट्टे मनगटात अडकवायचे नाहीत. पडताना काठी हातात अडकली की अंगठ्याच्या मुळाशी दुखापत होते. बॉक्स आणि रेलवर (सरकायच्या लोखंडी दांड्यावर) जाणार असाल तर बुटाखालची एज, म्हणजे स्कीची धातूची कड, फाइलने थोडी बोथट करून घ्या. भाड्याच्या स्कीवर हा उद्योग अर्थातच नको. आणि बोथट एज सकाळच्या कडक बर्फावर धरत नाही, हे लक्षात असू द्या.

स्विच: टाळला जातो तो धडा

स्विच म्हणजे उलटं, पाठ उताराकडे करून जाणं. बरेच जण थेट ३६०च्या मागे लागतात, कारण त्यात सरळ उतरायचं असतं आणि स्विचची गरज भासत नाही. पण ३६० अर्धवट राहिला की उलटंच उतरावं लागतं, आणि पहिले काही तर अर्धवट राहणारच. म्हणून आधी अगदी सौम्य उतारावर उलटं जाऊन पाहा. पाय खांद्याइतके रुंद, गुडघे वाकलेले, नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली. एका खांद्यावरून खाली बघा. डाव्या खांद्यावरून बघत थोडं वळा, मग मान फिरवून उजव्यावरून. दुसऱ्या खांद्यामागे आंधळा भाग राहतो, तेव्हा वरून कोणी येत नाही ना हे बघूनच निघायचं. निळ्या उतारावर उलटी वळणं घेऊन थांबता आलं की हा धडा पुरा.

सपाट बर्फावरचा ३६०

उडी न मारता, बर्फावरच सरकत पूर्ण गिरकी. डावीकडे फिरणार असं धरून सांगतो. उजवीकडे फिरणाऱ्यांनी उलट वाचावं. आपली सोयीची बाजू कोणती हे घरी सतरंजीवर उडी मारून कळतं: जिकडे विचार न करता अर्धी फेरी होते ती.

हिरव्या, म्हणजे सगळ्यात सोप्या, उतारावर, माणूस सहज धावतो तेवढ्या वेगाने सरळ या. डावं वळण सुरू करा. स्की उताराला आडव्या होऊ लागल्या की नेहमीच्या सवयीने एज दाबाल आणि थांबाल. तिथे दाब सोडायचा आणि स्की जवळजवळ सपाट करायच्या. डोकं डाव्या खांद्यावरून फिरत राहू द्या. या पहिल्या पाव फेरीत डावीकडच्या एजवर अगदी किंचित भार असतो, कारण वरची बाजू तीच. तोंड डोंगराकडे झालं की दोन्ही स्की पूर्ण सपाट. तिथून पुढे वरची बाजू बदलते आणि भार उजवीकडच्या एजवर जातो. ही अदलाबदल तुम्ही उलटे असतानाच होते, आणि घोडं पेंड खातं ते इथेच. अदलाबदल झालीच नाही तर खालच्या बाजूची एज बर्फात घुसते आणि माणूस काही कळायच्या आत आडवा होतो. उपाय म्हणजे वजन पायाच्या मधोमध ठेवायचं आणि त्या क्षणी खाली स्कीकडे बघायचं नाही. नजर खाली गेली की खांदा झुकतो, खांद्यापाठोपाठ स्कीही कलते.

हे न अडखळता जमेपर्यंत हवेतल्या ३६०चा विचार नको. इथे डोक्याने शरीराला ओढत नेण्याची जी सवय लागते, तीच वर कामाला येते.

ट्रॅम्पोलिन मिळत असेल तर उत्तम. स्कीशिवाय, पायमोज्यांवर, आधी १८०, मग ३६०. तपासायची गोष्ट एकच: उडालात त्याच जागी उतरता का? पुढे-मागे सरकत असाल तर अक्ष तिरका आहे.

किकर समजून घ्या

किकरकडे नेणाऱ्या वाटेला इनरन म्हणतात. मग वर उचलणारा बाक, त्याच्या टोकाची कड म्हणजे लिप, पुढे सपाट टेबल, टेबल संपून उतार सुरू होतो तो बाकदार भाग म्हणजे नकल, आणि त्यापुढे लँडिंगचा उतार. उतरायचं ते नकल ओलांडून, लँडिंगच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात. तिथे तुमची पडण्याची दिशा आणि उताराची दिशा जवळपास एक असते, त्यामुळे आदळणं कमी आणि सरकणं जास्त. टेबलावर उतरलात तर सगळा मार गुडघे आणि कंबर घेतात. लँडिंग पार करून खालच्या सपाटीवर गेलात तरी तेच, फक्त जास्त उंचीवरून.

म्हणजे सगळं वेगावर आलं. आकडा कोणी सांगू शकत नाही, कारण बर्फ, मेण, वारा आणि तुमचं वजन बदललं की तो बदलतो. करायचं असं: त्या दिवशी तोच किकर नीट मारणारे कुठून सुटतात ते पाहा. तिथून सुटून एकदा नुसतं इनरनवरून येऊन किकरच्या बाजूने निघून जा. मग कुणाच्या तरी मागे, सुरक्षित अंतर ठेवून, त्याच्याच वेगाने त्याच वाटेने या. इनरनवर वेग कमी वाटला तर सोडून द्या. कडेवर आल्यावर ब्रेक मारणं सगळ्यात वाईट, कारण अंग मागे जातं आणि हवेत ते मागेच राहतं.

पहिल्या उड्या सरळ, १–२ मीटर टेबलाच्या किकरवर. बाकात शिरताना पाय ठाम ठेवा. ढिले ठेवलेत तर बाक त्यांना दुमडतो आणि उसळी तिथेच संपते. बूट कडेवर येतात त्या क्षणी घोट्यापासून सरळ व्हायचं. हा झाला पॉप. स्कीची टोकं आधी कडेबाहेर जातात आणि ‘आलं, आलं’ असं वाटतं, म्हणून नवखा पॉप नेहमी लवकर मारतो. उशिरा मारला तर कड टाचांना फेकते आणि माणूस हवेत हात गोल गोल फिरवत बसतो. हात पुढे, कमरेच्या उंचीवर, दोन्ही दिसतील असे. उतरताना गुडघे वाकवून झेला, पण पार बसू नका: ढुंगण टाचांमागे गेलं की गुडघ्यातल्या पुढच्या लिगामेंटवर भलताच ताण येतो. सरळ उडी कंटाळवाणी होईपर्यंत मारा.

१८०

स्विच येतंय, सरळ उडी येतेय, आता अर्धी फेरी. इनरनवर हात आणि खांदे थोडे उजवीकडे पिळा. कडेवर पॉपसोबत ते डावीकडे सोडा. स्की मात्र कड सुटेपर्यंत सरळच राहिल्या पाहिजेत. बर्फावर असतानाच स्की वळायला लागल्या तर एज घासते, वेग मरतो आणि तुम्ही किकरच्या बाजूने बाहेर पडता.

पीळ वाटतो त्यापेक्षा खूप कमी लागतो. १८०मध्ये कमी फिरण्यापेक्षा जास्त फिरण्याचंच संकट मोठं, कारण डोकं थांबत नाही. उतरायच्या जागेकडे बघायचा मोह होतो, मान फिरत राहते, खांदे तिच्यामागे जातात आणि स्की आडव्या उतरतात. म्हणून अर्धी फेरी झाली की नजर वर, आलो त्या कडेकडे रोखा. उतरताना खालचं काही दिसणार नाही, आणि ते ठीक आहे. स्की टेकून तोल स्थिर झाला की मगच खांद्यावरून खाली बघायचं.

३६०

किकर थोडा मोठा, टेबल ३ ते ५ मीटर. फारच लहान किकरवर वेळ पुरत नाही आणि मग लोक घाईने पीळ वाढवतात. ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण पार्कमध्ये अक्षरशः खरी ठरते. फरक इतकाच की गुडघ्याला बांधतात तो पट्टा असतो.

इनरनच्या शेवटी अगदी फिकट एस काढा: आधी हातभर उजवीकडे, मग डावीकडे येत कडेच्या मधोमध. डावीकडे येणारी ही हलकी कार्व्ह, म्हणजे एजवर घेतलेलं वळण, फिरायला आधार देते. शेवटच्या मीटरभरात ती जवळजवळ सपाट झाली पाहिजे, नाहीतर लँडिंगच्या डाव्या कडेला जाऊन पडाल. खांदे उजवीकडे पिळलेले, दोन्ही हात कमरेच्या उंचीवर. पॉप वरच्या दिशेने आणि त्याच क्षणी खांदे डावीकडे सोडायचे. डोकं डाव्या खांद्यावरून.

वर गेल्यावर हात छातीजवळ घ्या, गुडघे थोडे वर. अर्ध्या फेरीला समोर फक्त कड आणि आकाश असतं, उतार कुठेच दिसत नाही. बहुतेकांचा ३६० याच ठिकाणी मरतो. भीतीने नजर खाली जाते किंवा मान थांबते आणि शरीर तिथेच अडतं. नजर खांद्यावरून पुढेच न्यायची. पाऊण फेरी होत आली की डाव्या खांद्यावरून लँडिंग दिसू लागतं. ते दिसलं की त्यावर नजर खिळवा, हात पसरा, पाय लांबवा. फिरणं मंदावतं आणि उरलेली पाव फेरी स्वतःहून पूर्ण होते.

काय बिघडतं आणि का, ते असं. तिरके फिरलात आणि कुशीवर पडलात, तर कडेवर डावा खांदा खाली टाकला होता. ‘जोरात फिरायचं’ म्हटलं की हे होतंच, म्हणून पुढच्या वेळी डावा हात मुद्दाम उजव्याइतकाच उंच ठेवा. मागे बसून उतरलात, तर पॉप उशिरा झाला किंवा बाकात अंग मागे गेलं. फेरी २७०लाच थांबली, तर हात लवकर उघडले, किंवा लँडिंग शोधायला नजर खांद्यावरून न नेता पोटाखालून नेली. फेरी जास्त झाली तर पीळ कमी करा. वेग कमी करू नका, तो लँडिंगला पोहोचायला लागतो. ४५ अंशांच्या आसपास कमी पडत असाल तर घाबरून एज दाबू नका. स्की सपाट ठेवून टेका आणि उरलेलं बर्फावर सरकत फिरा. सपाट बर्फावरचा ३६० पक्का केलेला असेल तर हे आपोआप होतं.

जवळपास लँडिंगचा एअरबॅग असेल तर पहिले ३६० त्यावरच मारा. फक्त एक भान ठेवा: गादी वाईट लँडिंगही माफ करते, त्यामुळे पाठीवर पडायची सवय लागू देऊ नका.

बॉक्स

बॉक्सवर प्लास्टिकचा गुळगुळीत पत्रा असतो, रेल लोखंडी आणि अरुंद. आधी रुंद, सपाट आणि बर्फातून थेट वर सरकता येईल असा बॉक्स निवडा. पहिल्यांदा सरळ, दोन्ही स्की समांतर. वर चढल्यावर काहीही करायचं नाही: ना वळायचं, ना ब्रेक मारायचा.

मग आडवं. बॉक्सच्या तोंडाशी छोटी उडी मारून पाव फेरी फिरायचं. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, दोन्ही बुटांवर सारखं वजन, वाटलं तर पुढच्या पायावर कणभर जास्त. नजर बॉक्सच्या शेवटच्या कडेवर. बर्फावर घसरताना आपण वरची एज धरतो. इथे धरायला काहीच नाही. एज लावली किंवा भीतीने मागे झुकलात की स्की पुढे निसटतात आणि कंबर बॉक्सच्या धारेवर आपटते. मागे झुकून वाचता येत नाही, पुढच्या पायावर उभं राहूनच वाचता येतं. ही गोष्ट शरीराला पटायला डोक्यापेक्षा जास्त वेळ लागतो. शेवटचा हातभर उरला की खांदे उताराकडे फिरवा, स्की मागोमाग येतात.

पार्कातली शिस्त आणि दिवसाची वेळ

एका वेळी एकच जण, निघण्याआधी हात वर करून ‘ड्रॉपिंग’ असा आवाज. लँडिंगमध्ये थांबायचं नाही. पडलात तरी आधी बाजूला सरका, मग हातमोजे शोधा. कडेवर कोणी हात किंवा काठ्या फुलीसारख्या आडव्या धरल्या असतील तर खाली कोणीतरी पडलेलं आहे. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं किंवा मघाचं आठवेनासं झालं तर त्या दिवशी पुन्हा उडी नाही, डॉक्टरकडे जायचं.

सकाळी लिप आणि लँडिंग दोन्ही काचेसारखी कडक असतात. ऊन पडून वरचा थर मऊ झाला की शिकायला ती सगळ्यात चांगली वेळ. दुपारी बर्फ ओला होतो आणि इनरन अचानक मंदावतो. सकाळचा सुटायचा ठिपका तेव्हा कमी पडतो, म्हणून वेग पुन्हा तपासा. ऊन गेलं की तोच ओला बर्फ गोठून वेग वाढवतो. दमलेल्या पायांचा पॉप उशिरा होतो, तेव्हा नवी युक्ती सकाळच्या सत्रातच, बर्फ मऊ झाल्यावर.

३६० सोयीच्या बाजूने बसला की ग्रॅब, म्हणजे हवेत स्की हाताने पकडणं, जोडा. सेफ्टी सगळ्यात सोपा: उजव्या हाताने उजव्या स्कीची बाहेरची कड, बुटाखाली. हात खाली न्यायचा नाही, गुडघे वर आणून स्की हाताजवळ आणायची. वाकून पकडायला गेलात की तेच खांदा टाकून तिरकं फिरणं. त्यानंतर सगळा क्रम गैरसोयीच्या बाजूने पुन्हा पहिल्यापासून, सपाट बर्फासकट. ५४० हा ३६०च्या पुढचा अर्धा वेढा आणि वर आंधळं स्विच लँडिंग. १८० दोन्ही बाजूंनी झोपेतही उतरवता येत असेल तरच त्याला हात घाला.